नांवाचा शोध आणि अनुस्वाराचा अडसर

जमिनीचे दाखले दप्तराच्या रुमालांतून निघून संगणकावर चढले, ह्या गोष्टीस आतां बरींच वर्षें झालीं. सात-बारा, आठ-अ आणि फेरफार हे कागद घरबसल्या पाहतां येतात, त्यांसाठीं तलाठ्याच्या पाठीमागें आठ-आठ दिवस हिंडावें लागत नाहीं, हा लाभ लहान नव्हे; आणि ज्यांचा सारा जन्म ह्याच दप्तरांत गेला त्या आम्हांस तर तो इतरांहून अधिक कळतो. तेव्हां पुढें जें लिहीत आहों तें यंत्राचा द्वेष म्हणून लिहीत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. आमची तक्रार एवढीच, कीं ह्या यंत्रांस नांव शोधावयास सांगितलें असतां तीं पुष्कळदां अक्षरास अक्षर लावून आंधळेपणानें शोधतात, आणि त्याची झळ ज्यांस लागते त्यांस ती कशामुळें लागली हें कळतही नाहीं.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईहून एक वृद्ध बाई आपल्या नातवास घेऊन आमच्याकडे आल्या. बाईंचे वडील गिरणींत कामास होते. गांवीं त्यांची वडिलोपार्जित जिराईत जमीन होती, एवढेंच बाईंस ठाऊक. पाठीस भाऊ नाहीं. चुलत घराण्याशीं जाणें-येणें तुटलेलें. तीन वर्षांपूर्वीं नातवानें एका शोधपानावर 'धोंडीबा शिंदे' असें पणज्याचें नांव घालून पाहिलें, तों 'नोंद आढळली नाही' असें उत्तर आलें. मग बाई गांवीं जाऊन चुलतभावांस भेटल्या. ते म्हणाले, ''आक्का, यंत्रच सांगतंय नाही म्हणून, आता आम्ही काय वेगळं सांगणार?'' बाई उगीच राहिल्या. पुढें ट्रंक उपसतांना शेतसाऱ्याची एक जुनी पावती हातीं लागली, म्हणून त्या आमच्याकडे आल्या. पावतीवर सर्व्हे नंबर होता. परंतु गांवीं एकत्रीकरण होऊन त्या नंबराचा गट झालेला, म्हणून तोही सरळ लागेना. जुन्या नंबरावरून नवा गट काढला, सात-बारा पाहिला, तों कब्जेदारांच्या रकान्यांत नांव स्वच्छ लिहिलेलें: 'धोंडिबा', आणि आडनांव 'शींदे'. पहिल्या नांवांत वेलांटी पहिली, आडनांवांत दुसरी. सुमारें ८४ गुंठे जमीन दोन वेलांट्यांच्या आड तीन वर्षें दडून राहिली होती.

हें कसें घडतें तें समजून घेणें कठीण नाहीं. संगणकास अक्षराचा आकारही दिसत नाहीं व उच्चारही ऐकूं येत नाहीं; त्याच्यापाशीं प्रत्येक चिन्हाचा एक अंक असतो. सर्व जगाच्या लिप्यांस असे अंक नेमून देणारी 'युनिकोड' नांवाची जी योजना सन १९९१ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाली, तींत देवनागरीच्या मुख्य कोष्टकास १२८ घरें दिलेलीं आहेत. ह्या कोष्टकांत व्यंजनास निराळें घर, वेलांटीस निराळें, अनुस्वारास निराळें व पाय मोडण्याच्या चिन्हासही निराळें. 'शिंदे' हा शब्द आपण दोन अक्षरांचा म्हणतों. यंत्राच्या लेखीं तो पांच अंकांचा आहे: श, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा. हाच शब्द कोणीं 'शिन्दे' असा लिहिला कीं अंक सहा होतात. माणसाच्या कानास दोन्ही एकच. यंत्रास मुद्दाम शिकविलें नसेल तर त्यास 'शिंदे' आणि 'शिन्दे' हे दोन भिन्न पुरुष वाटतात. त्यांत यंत्राचा अपराध नाहीं. ज्यांनीं त्यास शोधाचें काम सांगितलें त्यांनीं नांव म्हणजे काय वस्तु आहे हें त्यास सांगितलें नाहीं.

आतां नांवें अशीं नाना तऱ्हांनीं लिहिलीं कां गेलीं, ह्याची कथा आम्हांस सांगतां येते, कारण त्या कथेंत आम्हीही आहों. जुने दप्तर मोडींत. मोडींत ऱ्हस्व व दीर्घ असा भेद पाळण्याची चालच नव्हती. इकार एकच, उकार एकच, आणि अनुस्वार बहुधा लिहिणाराच्या घाईवर अवलंबून. त्यामुळें मोडी जाणणारा कारकून नांव शोधी तो व्यंजनें पाहून व तोंडानें पुटपुटून. त्याची अकारविल्हे यादीही त्याच मापाची असे. पुढें हींच नांवें बाळबोधींत उतरलीं तेव्हां प्रत्येक उतरविणारास कोठें ऱ्हस्व व कोठें दीर्घ हें स्वतःच ठरवावें लागलें, व ज्यानें त्यानें आपल्या शाळेंतील संस्काराप्रमाणें ठरविलें. एकाच खातेदाराचें नांव आठ-अ वर एक, फेरफारांत दुसरें व पीकपाहणींत तिसरें झालें तें असें. आमच्या स्वतःच्या हातच्या नोंदी आज तपासल्या तर 'रखमाबाई', 'रखुमाबाई' आणि 'रुक्मिणीबाई' ह्या तिघी एकच असल्याचे दाखले निघतील, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. समोरचा इसम जें बोलला तें आम्हीं लिहिलें. आणि पुढील खेपेस त्याचा मुलगा जें बोलला तेंही लिहिलें.

त्यांत सन १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम सरकारमान्य झाले व उच्चारांत नसलेले अनुस्वार गेले. 'गांव' चें 'गाव' झालें, 'नांव' चें 'नाव' झालें. आमच्या ह्या मासिकानें जुनी पद्धति अद्याप सोडलेली नाहीं, आणि त्याबद्दल तरुण वाचक आम्हांस हंसतात तें हंसोत. परंतु ह्या लेखांत 'नाव' हा शब्द शोधणाऱ्या यंत्रास तो बहुतेक ठिकाणीं सांपडणार नाहीं, आणि त्याचें कारण शब्द नाहीं हें नसून त्याच्या डोक्यावर एक टिंब अधिक आहे, इतकेंच. गांवांच्या नांवांचें हेंच झालें आहे. पिंपळगांव आणि पिंपळगाव, वडगांव आणि वडगाव, अशीं जुन्या-नव्या कागदांत एकाच गांवाचीं दोन-दोन रूपें आहेत. आडनांवांत 'सावंत' आणि 'सांवत' ह्यांची गोष्ट तीच.

ह्याहून चमत्कारिक प्रकार असा, कीं कांहीं भेद डोळ्यांसही दिसत नाहींत. 'गोऱ्हे', 'वऱ्हाडे', 'कऱ्हाडकर' ह्या नांवांतील ऱ्ह टंकावयाच्या दोन रीति आहेत. एका रीतींत त्यासाठीं नेमलेला स्वतंत्र र वापरतात. दुसरींत साधा र घेऊन त्याचा पाय मोडतात व त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही अगदीं सारखीं उमटतात, कागदावर सारखीं छापलीं जातात, आणि शोधांत एक दुसऱ्यास ओळखत नाहीं. वसईकडील आमच्या ख्रिस्ती बागाईतदारांच्या 'ॲ' नें आरंभ होणाऱ्या नांवांचीही हीच अवस्था: तें अक्षर अ वर चंद्र देऊन दोन अंकांचें करतां येतें, किंवा सन २००८ पासून युनिकोडांत त्यास जें स्वतंत्र घर मिळालें आहे तें वापरून एका अंकाचें करतां येतें. युनिकोडपूर्वीं जो तो टंक तयार करणारा आपल्या मर्जीनें अक्षरें मांडी. त्या टंकांतील मजकूर पुढें नव्या कोष्टकांत घालतांना 'ज्ञानेश्वर' चा 'ज्ञानेश्र्वर' झालेला आम्हीं कित्येक ठिकाणीं पाहिला आहे. बारीक डोळ्यांच्या वाचकानें हे दोन शब्द पुन्हां एकवार पाहावे. पहिल्या वाचनांत फरक लक्षांत येत नाहीं.

नंबरांतही हा घोळ आहेच. गट क्रमांकाचे अंक कोणी देवनागरी घालतो, कोणी इंग्रजी. पोटहिस्सा कोणी तिरक्या रेघेनें तोडतो, कोणी आडव्या. '४५/२/अ' आणि '४५/२अ' ह्यांतील एका रेघेवरून शोध अडतो. 'पैकी' चें संक्षिप्त 'पै' कोठें टिंब देऊन लिहिलेलें, कोठें टिंबाशिवाय, कोठें अंकास चिकटून.

पूर्वीं ह्या गोष्टींनीं फारसें बिघडत नसे, कारण शोधणारा माणूस होता व माणसास 'हा तोच' हें कळतें. आतां एका दप्तराची दुसऱ्या दप्तराशीं गांठ यंत्रच घालूं लागलें आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षास ६००० रुपये, जे सन २०१९ पासून दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं येतात, त्यांसाठीं आधारवरील नांव व जमिनीच्या दाखल्यावरील नांव ह्यांचा मेळ बसावा लागतो. महाराष्ट्रांत सन २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांक लागूं लागला, त्यांतही हा मेळ आहेच. मोडी दप्तरांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सन २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली गेली. अशा शोधांत 'कुणबी' हा एक शब्द कोठें ण नें, कोठें न नें, कोठें नुसत्या 'कु' वर टिंब देऊन लिहिलेला असतो. त्या कागदांच्या सूचि उद्यां यंत्रावर गेल्या आणि यंत्र आजच्याच पद्धतीनें शोधूं लागलें, तर हातांनीं शोधलेलें पुन्हां हरवावयाचें. आणि सन २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबांतील मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, त्या मुलींचें काय? गट क्रमांक भावांच्या तोंडीं असतो. सासरीं गेलेल्या बहिणीपाशीं बापाच्या नांवाखेरीज दुसरें कांहींच नसतें. नांवावरून शोध लागला नाहीं म्हणजे बहुतेक वेळां तिचाच लागत नाहीं.

ही अडचण केवळ आपल्याच लिपीची नाहीं. गोव्यांतील पोर्तुगेज अमदानीच्या, म्हणजे सन १९६१ पूर्वींच्या, रोमन लिपींतील कागदांत 'जुआंव' हें नांव लिहितांना एका स्वरावर नागमोडी रेघ असते, व 'कोन्सेसांव' ह्या नांवांत एका अक्षराखालीं शेंपटी असते. आज टंकणारा तीं चिन्हें घालीत नाहीं, कारण त्याच्या कळफलकावर तीं नसतात. म्हणून पाश्चात्यांनीं उपाय काढला तो असा: मूळ अक्षर व त्यावरील चिन्ह हीं आधीं सुटीं करावयाचीं, चिन्ह टाकून द्यावयाचें, आणि उरलेलीं नुसतीं अक्षरें ताडून पाहावयाचीं. युरोपांतील बहुतेक भाषांचें काम ह्यानें भागतें.

त्याहीपूर्वीं, यंत्रें नव्हतीं तेव्हां, अमेरिकेंत रॉबर्ट रसेल नामक गृहस्थानें उच्चारावरून नांवें लावण्याच्या पद्धतीचें पेटंट सन १९१८ मध्यें घेतलें होतें. तिचें पुढील रूप 'साउंडेक्स' म्हणून प्रसिद्ध आहे. आडनांवाचें पहिलें अक्षर ठेवावयाचें, स्वर सोडून द्यावयाचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांस एकच अंक द्यावयाचा, असे तीन अंक झाले कीं थांबावयाचें. सन १९३५ मध्यें तिकडे वृद्धांच्या निर्वाहवेतनाचा कायदा झाला. पुष्कळांपाशीं जन्माचा दाखला नव्हता. तेव्हां सन १८८० च्या खानेसुमारींत जीं त्या वेळीं लहान मुलें होतीं त्यांचीं कुटुंबें ह्या पद्धतीनें चिठ्ठ्यांवर उतरवून घेतलीं, म्हणजे म्हाताऱ्याचें वय शोधून काढतां यावें. आडनांव कसेंही लिहिलें असो, सारख्या उच्चाराच्या चिठ्ठ्या एका ठिकाणीं पडत. आमच्या मोडीवाल्या कारकुनानें मनांत जें केलें तेंच त्यांनीं चिठ्ठ्यांवर केलें, असें आम्हांस वाटतें.

परंतु येथें एक मोठा धोका आहे, व तो सांगण्यासाठींच आम्हीं लेखणी उचलली म्हटलें तरी चालेल. 'चिन्हें काढून टाका' हा पाश्चात्य उपाय तसाच उचलून देवनागरीस लावला, तर रोगापेक्षां औषध वाईट ठरतें. युनिकोडच्या कोष्टकांत प्रत्येक चिन्हाची जात लिहिलेली आहे. अक्षराच्या वर किंवा खालीं बसणारीं व स्वतः वेगळी जागा न घेणारीं चिन्हें एका जातींत, आणि बाजूस जागा घेणारीं दुसऱ्या जातींत. पोर्तुगेज रेघ व शेंपटी हीं पहिल्या जातींतलीं. आपले दोन्ही उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचें चिन्ह हींही त्याच पहिल्या जातींत पडलीं. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार व औकार मात्र दुसऱ्या जातींत. म्हणून आंधळेपणानें पहिली जात काढून टाकणारें यंत्र 'पुणे' चें 'पण' करतें, 'कुलकर्णी' चें 'कलकरणी' करतें, 'शेळके' ह्यांस 'शळक' करून ठेवतें, आणि ज्या वेलांटीपायीं आमच्या बाईंची जमीन हरवली ती वेलांटी मात्र जशीच्या तशी राखतें! 'देव' आणि 'दवे' हीं दोन घराणीं, एक महाराष्ट्रीय व दुसरें गुजराथी. ह्या यंत्रापुढें दोघेही 'दव' होतात. परक्याच्या मापाचा जोडा आपल्या पायांत घालावा तसें हें झालें. उकार आणि मात्रा हे आपल्या अक्षराचे दागिने नव्हेत, ते त्याचे प्राण आहेत. रोमन अक्षरावरील टिळ्याशीं त्यांची बरोबरी केली कीं फसलोंच.

तर मग काय करावें? आमचें इंग्रजी बेताचें व संगणकाचें ज्ञान त्याहून बेताचें. परंतु नांवें शोधण्याचा सराव आम्हांस आहे, व त्या आधारावर बोलतों. मूळ नोंदीस हात लावूं नये. ती जशी आहे तशी राहावी. तिच्या बाजूस प्रत्येक नांवाचें एक शोधरूप यंत्रानेंच तयार करून ठेवावें, आणि शोधणारानें घातलेल्या नांवाचेंही तसेंच शोधरूप करून हीं दोन ताडावीं. शोधरूप करतांना ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी एक मानावी, ऱ्हस्व-दीर्घ उकार एक मानावा. अनुस्वार आणि त्याच्या जागीं येणारें अर्धें अनुनासिक एक मानावें, व एकानेंही शोध लागला नाहीं तर अनुस्वार अजिबात सोडून पाहावें, म्हणजे 'सांवत' आणि 'सावंत' भेटतील. अदृश्य जोडचिन्हें गाळावीं, दोन रीतींनीं टंकलेलीं अक्षरें एका रीतीवर आणावीं, अंक एका लिपीचे करावे, टिंबें, रेघा व मधल्या मोकळ्या जागा काढाव्या. इतकें निर्धास्तपणें करावें. आमच्या अनुभवांत एका गांवीं केवळ ऱ्हस्व-दीर्घानें निराळे झालेले दोन खातेदार क्वचित्‌ सांपडतात. पाटिल आणि पाटील असे दोन वंश कोणीं ऐकले आहेत?

न-ण, ल-ळ, श-ष-स ह्यांची गोष्ट निराळी. 'काळे' आणि 'काले' हीं दोन भिन्न आडनांवें आहेत, 'माने' आणि 'माणे' ही तशींच. तेव्हां हें सैल जाळें पहिल्याच फेरींत टाकूं नये. पहिल्या दोन फेऱ्यांत कांहीं न लागलें तरच टाकावें, व लागलेलीं नांवें 'मिळतीं-जुळतीं' अशा मथळ्याखालीं निराळीं दाखवावीं. आणि काना, एक मात्रा, ओकार ह्यांस कधींही वगळूं नये. एक लहानशी सूचना आणखी, जिला छदामही खर्च नाहीं: 'नोंद आढळली नाही' ह्या वाक्याच्या जागीं 'असे लिहिलेले नाव सापडले नाही, अन्य प्रकारे लिहून पाहावे' असें वाक्य पडद्यावर यावें. पहिल्या वाक्यानें बाईंस गांवाहून परत पाठविलें. दुसऱ्यानें पाठविलें नसतें.

ह्यावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, नांव कशाला, गट क्रमांक घाला म्हणजे झालें. ज्यास क्रमांक ठाऊक आहे त्यास शोधाची गरजच काय? शिवाय सन १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखालीं जेथें जेथें एकत्रीकरण झालें तेथें जुन्या कागदांवरील सर्व्हे नंबर आणि आजचा गट ह्यांचा मेळ घरच्या माणसासही ठाऊक नसतो. दुसरा म्हणेल, लोकांस शुद्धलेखन शिकवा. शुद्धलेखनाचा आम्हांसही अभिमान आहे, थोडा जास्तच आहे. परंतु नांवास शुद्धलेखन नसतें. आपलें नांव बापानें ठेवलें व गुरुजींनीं लिहिलें, तें तसें. मेलेल्या खातेदारास तर आतां कोण शिकविणार? तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शोध सैल केला तर लबाड लोक सारख्या नांवाच्या परक्याच्या जमिनी हुडकून काढतील. अशा कांहीं गोष्टी घडतील हें आम्ही नाकारीत नाहीं. पण शोध म्हणजे हक्क नव्हे. यादींत चार नांवें दिसलीं म्हणून चारी जमिनी कोणाच्या होत नाहींत. हक्क ठरतो तो फेरफार, वारस व कब्जा पाहून. लबाडास गांवांतला वाटाड्या नेहमीं मिळतोच; ज्याला कोणी वाटाड्या नाहीं त्याच्यासाठीं हा शोध आहे. म्हणून शोधांत यंत्रानें सैल असावें आणि नोंदींत माणसानें कडक असावें. सध्यां बरेंच उलटें चाललें आहे: लिहितांना कोणी पाहत नाहीं, आणि शोधतांना यंत्र एका टिंबाचीही सूट देत नाहीं.

हें सुधारेल तेव्हां सुधारेल. तोंवर आमच्या सभासद बंधूंनीं आपलें घर सांभाळावें. आठ-अ चा ताजा उतारा काढून त्यावरील आपलें, आईचें व भावाबहिणींचें नांव आधारवरील नांवाशीं अक्षर न्‌ अक्षर ताडावें. वेलांटी आणि अनुस्वार बोट ठेवून पाहावे. फरक लेखनप्रमादाचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याच्या कलम १५५ खालीं दुरुस्तीचा अर्ज करतां येतो; अर्जास जुन्या हस्तलिखित सात-बाराची व मूळ फेरफाराची नक्कल जोडावी, म्हणजे चूक कोठें शिरली तें दिसतें. वारस नोंदीची नोटीस आली कीं ती खुंटीला लावून ठेवूं नये. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते आणि नांवांतील चूक त्या पंधरा दिवसांत एका कागदानें सुटते. नोंद प्रमाणित झाल्यावर तीच चूक सोडविण्यास किती हेलपाटे पडतात हें आम्हीं टेबलाच्या दोन्ही बाजूंनीं पाहिलें आहे. नांवावरून शोध करतांना पूर्ण नांव घालूं नये. जेथें थोड्या अक्षरांवर शोध चालतो तेथें आडनांवाचें पहिलें अक्षर घालून येणारी सगळी यादी वाचून काढावी. वेळ लागतो, परंतु डोळा यंत्राहून शहाणा आहे. आणि लेकी-बहिणींस गट क्रमांक लिहून द्यावा. हें शेवटचें कित्येकांस रुचणार नाहीं, तरी लिहितों.

त्या बाईंनीं वारस नोंदीचा अर्ज दिला, सोबत नांवाच्या दुरुस्तीचाही दिला. चुलतभावांनीं हरकत घेतली आहे: सात-बारावरील 'धोंडिबा शींदे' हा बाईंचा बाप 'धोंडीबा शिंदे' नव्हेच, असें त्यांचें लेखी म्हणणें आहे. गिरणीच्या नोकरीच्या कागदांत बाईंच्या वडिलांच्या गांवाचें व आजोबांचें नांव निघालें, त्याची नक्कल दाखल केली. दोन तारखा पडल्या; तिसरी दिवाळीनंतरची आहे.